मुंबई–लंडन: अंतर तेच, मग जाताना तासभर जास्त का?

सातारची_मीरा

आई-बाबांना पहिल्यांदाच इकडे लंडनजवळ रेडिंगला बोलावते आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात यायचं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जायचं. थेट विमान बघून ठेवलंय. मुंबईहून दुपारी १:३० ला सुटतं, हीथ्रोला संध्याकाळी ७:१० ला पोचतं, प्रवासाचा वेळ १० तास १० मिनिटं. परतीचं हीथ्रोहून रात्री ८:३० ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला मुंबईत. वेळ ९ तास.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. किलोमीटर आणि रनिंग टाइम यांचा मेळ बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. फोनवर पहिला प्रश्न हाच: "अंतर नक्की किती? वेग किती? आणि जाताना तास-सव्वा तास जास्त का?" मी "वारा असतो" एवढं सांगितलं, त्यावर ते म्हणाले, "वारा रोज ठरल्या वेळेला येतो का?" मला पुढे बोलता आलं नाही.

दुसरं म्हणजे बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, आणि गुडघेही दुखतात. थेट विमान घ्यावं की दुबईमार्गे थोडी विश्रांती घेत यावं? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज, सगळं बाबांना वाचून दाखवणार आहे.

उनाड_पाखरू

बाबांना आधी माझा नमस्कार सांग. असा प्रश्न विचारणारे प्रवासी हवेत!

कोथरूडकर_काका

दीड ते सात दहा म्हणजे पावणेसहा तासच झाले की. आणि परतीला साडेचौदा? काहीतरी गडबड आहे.

निळाई

काका, तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. मे महिन्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. मुंबईहून दीडला निघून १० तास १० मिनिटं म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११:४०, त्यातून साडेचार वजा केले की ७:१०. नोव्हेंबरमध्ये फरक साडेपाच तासांचा होतो, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात. ८:३० अधिक ९ तास म्हणजे पहाटेचे ५:३०, अधिक साडेपाच म्हणजे सकाळचे ११. मीरा, बाबांना घ्यायला येणाऱ्यांना हे आधी सांगून ठेव, घोळ होतो.

भूगोलमास्तर

अंतरापासून सुरुवात करू. मुंबई विमानतळ ते हीथ्रो पृथ्वीच्या पृष्ठभागावरून सर्वात जवळचं अंतर सुमारे ७,२०० किमी आहे. पण ही रेघ जाते कुठून, ते बघण्यासारखं आहे. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि लंडनला पट्टी लावा, रेघ इराक-सीरियावरून जाईल. आता घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून धरा. दोरा सौराष्ट्र, कराची, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र असा वर चढतो आणि त्याचा मध्य थेट जॉर्जियात, तिबिलिसीच्या आसपास येतो. तिथून युक्रेन, मध्य युरोप आणि लंडन. सपाट कागदावर गोल पृथ्वी मावत नाही म्हणून ही फसगत होते. विद्यार्थ्यांकडून हा दोऱ्याचा प्रयोग मी करून घ्यायचो. पोरं पट्टी-दोरा घेऊन भांडायची, पण एकदा केलं की विसरायची नाहीत.

मीराताई, नातवंडांसाठी गोल घेतला असेल तर बाबांच्या हातात दोरा द्या.

शंकेखोर

हे सगळं ठीक, पण खरं कारण पृथ्वीचं फिरणं आहे ना? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. उलट मग पश्चिमेला जाताना लंडनच विमानाकडे यायला हवं, म्हणजे जाताना कमी वेळ लागायला हवा. हे कोडं कुणी सोडवलेलं मी अजून वाचलेलं नाही.

भूगोलमास्तर

शंकेखोर, चांगली शंका. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण १,५८० किमी वेगाने पूर्वेकडे जाते. हवा मागे राहत असती तर जुहूला एक हेलिकॉप्टर तासभर हवेत नुसतं उभं केलं असतं आणि खाली ओमानचा किनारा आला असता. मग विमानाचं तिकीट कशाला काढलं असतं कुणी?

उनाड_पाखरू

मास्तर, आखाती नोकरीवाले जुहूला रांग लावतील!

ढगांच्या_वर

मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम करतो, म्हणजे उड्डाणाआधी मार्ग, इंधन आणि वेळ ठरवणाऱ्यांपैकी. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला खरंच आवडेल, कारण आमचं आणि वाहतूक नियंत्रकाचं काम एकाच जातीचं आहे.

हिशेब असा. लांब पल्ल्याचं जेट शांत हवेत ताशी ९०० किमीच्या आसपास जातं. ७,२०० भागिले ९०० म्हणजे ८ तास. पण भूगोलमास्तरांचा दोरा प्रत्यक्षात उडता येत नाही. युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली. म्हणून अरबी समुद्र, आखात, तुर्कस्तान असा खालून वळसा पडतो. नेमका मार्ग रोज ठरतो. समजा वळसा धरून ७,७०० किमी झाले.

आता वारा. ९ ते १२ किमी उंचीवर, जिथे विमान असतं, तिथे आपल्या गोलार्धात वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यातले सर्वात वेगवान पट्टे म्हणजे जेट स्ट्रीम. जाताना सरासरी ७० किमीचा वारा समोरून आला तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ८३०. ७,७०० भागिले ८३० म्हणजे सव्वानऊ तासांच्या वर. येताना ५० किमीचा वारा पाठीशी मिळाला तर ९५० चा वेग, म्हणजे आठ तास आणि थोडी मिनिटं. इथेच तासाचा फरक निघाला.

राहिलेला पाऊण-एक तास मुख्यतः जमिनीवरचा. तिकिटावरचा वेळ चाकं धावपट्टी सोडल्यापासून मोजत नाहीत. विमान जागेवरून हललं तिथपासून ते दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहीपर्यंत. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. रांगेत उभं राहणं, हीथ्रोवर उतरण्याआधी घिरट्या, सगळं त्यात आलं.

"वारा रोज ठरल्या वेळेला येतो का?" याचं उत्तर: नाही येत. म्हणून वेळापत्रक करताना त्या मोसमातले मागच्या वर्षांचे वारे बघून असा आकडा धरतात की बहुतेक दिवशी विमान त्यात पोचेल. रोजचा खरा वेळ रोजच्या फ्लाइट प्लॅनमध्ये निघतो आणि इंधनही त्यावर भरतात. बाबांनी दिवाळीच्या गर्दीचा रनिंग टाइम कधीतरी वाढवून धरला असेलच.

शंकेखोर

म्हणजे कंपन्या मुद्दाम वेळ वाढवून छापतात आणि मग "वेळेआधी पोचलो" म्हणून मिरवतात, हे तुम्ही मान्य करताय. प्रवाशाची ही फसवणूक आहे.

ढगांच्या_वर

वेळ वाढवून धरतात हे खरं. फसवणूक मात्र म्हणता येणार नाही. नुसता चांगल्या वाऱ्याचा आकडा छापला तर पुढचं विमान चुकणारे शेकडो लोक मुक्कामी अडकतील. शिवाय लंडनहून सुटणाऱ्या विमानाला पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असला तर प्रवाशाला भरपाई मागता येते. पोचण्याची वेळ कोणती धरायची यावर युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला: विमानाचं एक तरी दार उघडलं ती वेळ. चाकं टेकली ती नाही. म्हणून त्या मिनिटांना एवढं महत्त्व.

स्लाउकर

घिरट्यांबद्दल +१. हीथ्रोच्या भोवती चार ठिकाणी विमानं एकावर एक थरांनी फिरत ठेवतात: बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन, ऑकम. सकाळी आमच्या आकाशात त्यांची माळच दिसते.

जुनी_पानं

अवांतर होईल, पण या मार्गाचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण याच मार्गावरचं. ८ जून १९४८ च्या रात्री 'मलबार प्रिन्सेस' हे चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला लंडनला पोचलं. ३५ प्रवासी. भाडं १,७२० रुपये, त्या काळात फार मोठी रक्कम. १९६० मध्ये बोईंग ७०७ आलं आणि पंख्याच्या विमानांचा तो काळ मागे पडला.

त्याआधी बोट. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, तोवर बोटीला आफ्रिकेला पूर्ण वळसा घालावा लागे आणि त्यात महिनोन्‌महिने जायचे. कालवा झाल्यावर मुंबई-लंडन दोन-तीन आठवड्यांवर आलं. डॉ. आंबेडकर शिकायला गेले ते याच समुद्रमार्गाच्या काळात. १९२१-२२ मध्ये ते जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. मीरा, आई-बाबांना तिथे नक्की घेऊन जा. प्रिमरोझ हिल शेजारीच आहे.

स्लाउकर

जुनी_पानं, त्यात एक भर. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. त्याच वर्षीच्या १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटा छोटं पस मॉथ विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले होते. म्हणजे आपली माणसं इथे मंडळ काढून बसली तेव्हा भारताची नागरी हवाई टपाल सेवा नुकती सुरू होत होती. गणपतीत आई-बाबा इथेच असणार, मंडळात आणा त्यांना. सातारकर भेटतीलच.

खारघरचा_राजू

पृथ्वीचं फिरणं, जेट स्ट्रीम सगळं राहू द्या, खालापूर टोलनाक्याचं बोला! सातारा ते मुंबई विमानतळ ह्या प्रवासाचा ब्लॉक टाइम कुणी सांगेल का?

कोथरूडकर_काका

राजूशी शंभर टक्के सहमत. आमचं विमान चुकता चुकता राहिलं ते बोरघाटात ट्रक आडवा झाल्यामुळे. साताऱ्याहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी मुंबईत किंवा पनवेलला नातेवाईकांकडे मुक्काम करावा. दुपारच्या दीडच्या विमानासाठी पहाटे खंबाटकी आणि मग दोन्ही घाट, आणि बरोबर इन्सुलिनवाला माणूस. नको.

आणि मी दुबईमार्गेच सुचवीन. दहा तास एका जागी बसणं आमच्या वयाला झेपत नाही. मध्ये उतरलं, पाय मोकळे केले, चहा घेतला की माणूस ताजा होतो.

निळाई

काका, इथे मात्र मी पूर्ण विरोधात. माझ्या सासूबाई आखातातून बदलून आल्या. पहिलं विमान उशिरा पोचलं, दुसऱ्याचं गेट टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला, व्हीलचेअर मागितलेली पण वेळेत आली नाही. इंग्रजीत बोलायची सवय नाही, फोनला नेटवर्क नाही. त्या इथे पोचल्या तेव्हा रडत होत्या. पहिल्याच प्रवासाला थेट विमान घ्यावं. विमानात उठून फेऱ्या मारता येतात.

ढगांच्या_वर

दोघांच्या वादात आकडे टाकतो. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किमी, दुबई-लंडन सुमारे ५,५००. बेरीज ७,४३०. सर्वात जवळच्या रेघेपेक्षा जेमतेम सव्वादोनशे किमी जास्त. म्हणजे दुबई जवळपास वाटेवरच आहे, अंतराने फार नुकसान नाही. वेळ जातो तो थांबण्यात. दोन वेळा उतरणं, दोन वेळा चढणं आणि मधले तास मिळून १४-१५ तास सहज होतात.

आसावरी_डॉ

मीरा, इन्सुलिनचं आधी. सगळं इन्सुलिन हातातल्या बॅगेत. चेक-इन सामानात अजिबात नाही, कारण सामानाच्या कप्प्यात तापमान खूप खाली जाऊ शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. सुया, ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र बरोबर. औषधांची मूळ नावं त्यात असू देत, नुसती ब्रँडची नकोत.

जेवणाआधीचं इन्सुलिन ट्रे समोर आल्यावरच घ्यायचं. हवाई सुंदरीने "आता जेवण देतोय" म्हटलं आणि वाटेत विमानाला हादरे बसू लागले की जेवणाच्या गाड्या थांबवतात, जेवण तासभर लांबतं आणि साखर खाली जाते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, लाडू, काहीही गोड हवंच.

दिवसातून एकदा घ्यायचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन असेल तर त्यांच्या डॉक्टरांकडून आधी लिहून घे. पश्चिमेला येताना त्यांचा दिवस साडेचार तासांनी लांबेल, परत जाताना साडेपाच तासांनी आखडेल. डोस कधी घ्यायचा ते कागदावर असू दे. प्रवास संपेपर्यंत मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवायला सांग. माझं मत थेट विमानाच्या बाजूने आहे, कारण जेवणाची वेळ सांभाळायला एकच विमान सोपं. तास-दीड तासाने उठून चालायचं, पाणी प्यायचं. व्हीलचेअर बुकिंग करतानाच नोंदव, तिचे पैसे पडत नाहीत.

शंकेखोर

डॉक्टर, छान लिहिलंत. वाचनखूण साठवली, माझ्या आईसाठी.

मास्तर, पृथ्वीच्या फिरण्याचा मग वेळेशी काहीच संबंध नाही?

भूगोलमास्तर

संबंध आहे, पण वाऱ्यामार्फत. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंड. या फरकामुळे वरच्या थरांत हवा ध्रुवाकडे सरकू लागते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते, म्हणजे पूर्वेकडे. तोच पश्चिमी वारा. हिवाळ्यात तापमानाचा फरक वाढतो तसा वाराही वाढतो. तेव्हा त्याचा एक पट्टा उत्तर भारतावरून जातो. जूनमध्ये तो हिमालयापलीकडे सरकतो आणि मान्सून आत येतो.

आणि आपल्या दक्षिण भारतावर पावसाळ्यात बरोबर उलटं घडतं! १४ ते १६ किमी उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरदार वारा वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास जगापुढे मांडला. हे नाव पाठ्यपुस्तकात मोठ्या अक्षरात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जपानच्या वासाबुरो ओइशींचंही तसंच. त्यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वेगवान वारे मोजले, पण अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत लिहिला. बाहेर फारसा कुणी वाचलाच नाही.

ढगांच्या_वर

मास्तर, वा! वाऱ्याची ताकद किती, याचं एक उदाहरण. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी एक जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. एरवी तिथे साडेसहा-सात तास धरतात.

आणि उलटा प्रकारही सांगायला हवा. १३ जून २०२५ ला इराणची हवाई हद्द एकाएकी बंद झाली तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं विमान काही तास हवेत राहून मुंबईतच परत उतरलं. म्हणून म्हणतो, प्रवासाच्या दिवशी निघण्याआधी विमानाची स्थिती बघाच, आणि औषधं एक-दोन दिवसांची जास्त बरोबर ठेवा.

खारघरचा_राजू

आमच्या नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली आहेत. लंडनचं विमान इथून सुटू लागलं की सातारा-पुणेकरांचा निम्मा त्रास वाचेल. तोवर काका म्हणतात तसं पनवेलला मुक्काम. नातेवाईक नसतील तर मीराताई, सांगा, आमचं घर आहे.

सातारची_मीरा

राजूदादा, तुमचं वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा कामोठ्याला आहे, त्याच्याकडे राहतील.

सगळा धागा काल बाबांना वाचून दाखवला. ढगांच्या_वर यांचा हिशेब त्यांनी वहीत उतरवून घेतला आणि ७,७०० भागिले ८३० स्वतः करून बघितलं. म्हणाले, "वाऱ्याविरुद्ध सायकल मारली तसंच की, एवढं सरळ कुणी सांगितलं असतं तर वाद कशाला घातला असता!" मग म्हणाले की स्वारगेटवर तेही घाटाच्या गाड्यांना जाताना वेगळा आणि येताना वेगळा वेळ धरायचे. ढगांच्या_वर यांना भेटायची इच्छा आहे म्हणाले.

थेट विमानाचं तिकीट काढलं. व्हीलचेअर आणि मधुमेहींचं जेवण दोन्ही नोंदवलं. डॉक्टरांकडे शुक्रवारी जाणार आहेत, आसावरीताईंचा प्रतिसाद छापून नेतील.

आता शेवटचा प्रश्न आईचा. खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी? तिला लंडन वरून बघायचंय.

ढगांच्या_वर

उजवी बाजू घ्या. दुपारी दीडला निघून विमान सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे जातं, मे महिन्यात लंडनला सूर्य मावळायला साडेआठ वाजून जातात, त्यामुळे जवळपास पूर्ण प्रवास उजेडातच होईल. ऊन डावीकडून येतं, उजवीकडे डोळ्यांना त्रास नाही. हीथ्रोला वारा पश्चिमेचा असेल, आणि बहुतेक वेळा तो असतोच, तर विमान शहरावरून पूर्वेकडून उतरतं आणि थेम्स नदी, संसदेचा टॉवर, सगळं उजव्या खिडकीत येतं. पंखावरची रांग टाळा, खाली काही दिसत नाही.

आईंना खिडकी द्या, पण बाबांना शेजारची मधली सीट देऊ नका. त्यांना वाटेकडची द्या, सारखं उठता यायला हवं.

निळाई

मधली सीट रिकामी राहिली तर उत्तमच! मीरा, बाबांना म्हणावं पोचल्यावर खरा रनिंग टाइम इथे लिहा.